वाकडी पिन

मनपाला उतरलो तेव्हा साडेअकरा.
नव्या पुलावरून चालत,
शलाका पुढे, मी मागे.
तिच्या हातात रफ वही, शेवटच्या पानावर
बत्तीस हजारांची चौदा वेळा केलेली वजाबाकी.
बत्तीस म्हणजे यंदाचा बोनस,
वजा हिच्या आईचा चष्मा.

बसमध्ये तिने मला शिकवलं होतं:
सहा कोअर, बारा थ्रेड.
थ्रेड म्हटल्यावर मला आटे दिसतात,
बावीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये तेच पाडतोय.
"तसले नाहीत, बाबा."
मग सांगत बसली, की ग्राफिक्स कार्डात पैसे घातले
की प्रोसेसरला उरतात साडेपाच हजार,
आणि तो मंद निघाला
तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं.
हे मात्र पटकन कळलं.
आमच्याकडे जपानी मशीन आलं होतं, कोटीचं,
आणि त्याला जॉब लावून देणारा एकच,
तोही तंबाखू मळत.
दिवसभर मशीन उपाशी उभं.

"हां," ती म्हणाली, "त्यालाच बॉटलनेक म्हणतात."
आम्ही त्याला भालेकर म्हणायचो.

तापकीर गल्लीत पहिल्या दुकानात नवा, नऊ हजार आठशे.
दुसऱ्यात शंभरने कमी, पण बिल नाही.
तिसऱ्यात एक पोरगा चार कोअरवाला गळ्यात मारत होता,
"गेमिंगला एकदम कडक, काका."
शलाकाने त्याला कॅशचं काहीतरी विचारलं
(मला वाटलं, रोखीचं बोलतेय)
आणि तो मोबाईलकडे बघायला लागला.

जिन्याखालचं गुंदेचांचं दुकान शेवटचं.
त्यांनी ड्रॉवरमधून स्पंजवर ठेवलेली चिप काढली.
वापरलेली. सहा कोअर. साडेपाचच्याही आत.
"कोपऱ्यातली एक पिन झोपलीये.
सरळ करताना तुटली तर तुमची.
म्हणून तर एवढ्यात."

"तेराशे एकतीस असतात," शलाका हळूच म्हणाली,
पेशंटचं वय सांगावं तशी.
वही मिटली. म्हणजे नाही.

मी चष्मा कपाळावर सरकवला,
चिप उजेडाकडे तिरकी धरली.
एका ओळीत एक सोनेरी केस आडवा.
मुळाशी चीर नाही, नुसता वाकलाय.
खिशात पॉइंट फाईव्हची पेन्सिल असते कायम.
शिसं आत घेतलं,
पोकळ टोक पिनवर चढवलं.

गल्लीत टेम्पो मागे घेत होता म्हणे,
हॉर्नवर हॉर्न. शलाका नंतर सांगत होती.
मला आठवत नाही.
धातू किती सोसेल ते तो आधी सांगतो,
हाताखाली जरा ताठ होतो.
तिथे थांबायचं.
श्वास सोडायचा. मग पुन्हा, केसभर.
चौथ्या वेळी ती शेजारणींच्या ओळीत उभी होती.

गुंदेचांनी त्यांच्याच बोर्डावर लावून बघू दिलं.
मी वरून दाबायला गेलो तर शलाका किंचाळली,
"जोर नाही लावायचा! नुसती ठेवायची!"
ठेवली.
आपल्याच वजनाने खाली गेली.
पंखा फिरला, मग बराच वेळ काळा पडदा,
मग पांढरी अक्षरं.
तिने माझ्या शर्टाची बाही कधी धरली होती
तिलाच माहीत नाही.

"अशा अजून तीन पडल्यात," गुंदेचा म्हणाले,
"येत्या रविवारी जमेल?"
बघू म्हटलं.
आणि दोनशे कमी केले त्यांनी, न मागता.

परत मनपाला बस लागायची होती.
बाकावर बसून पंधराव्या वजाबाकीसाठी
तिने पेन्सिल मागितली.
दाबली. पुन्हा दाबली.
शिसं येईना.
डोळ्याजवळ नेऊन बघितलं,
टोक किंचित वाकलं होतं.